मंगळवारचा रंग कोणता? सिनेस्थेशियाचा दोनशे वर्षांचा इतिहास

मंगळवार कोणत्या रंगाचा असतो?

प्रश्न वाचून बहुतेक वाचकांच्या कपाळावर आठी पडली असेल. वाराला कुठून आला रंग? पण तुमच्यापैकी काही थोड्या जणांच्या मनात उत्तर लगेच उमटले असेल. त्यांना आश्चर्य वाटले असेल ते वेगळ्याच गोष्टीचे, की हा प्रश्न इतरांना विचित्र का वाटावा? त्यांच्यासाठी मंगळवार तपकिरी असतो, पाचाचा आकडा हिरवा असतो, एखाद्याचा आवाज निळसर असतो. हे त्यांनी ठरवलेले नसते आणि ठरवून बदलताही येत नाही. लहानपणापासून ते तसेच आहे.

या अनुभवाला वैद्यकात सिनेस्थेशिया म्हणतात. ग्रीक भाषेतील 'सिन' म्हणजे एकत्र आणि 'एस्थेसिस' म्हणजे संवेदना. मराठीत सहसंवेदन म्हणता येईल. एका इंद्रियाला किंवा विचाराला चेतना मिळाली की तिच्यासोबत दुसरीच एखादी संवेदना आपोआप जागी होते. काहींना अक्षरे आणि आकडे रंगीत जाणवतात, काहींना सूर ऐकताना रंग दिसतात, काहींना विशिष्ट शब्द उच्चारला की जिभेवर विशिष्ट चव येते. काहींच्या मनात वर्षाचे बारा महिने एखाद्या वळणदार रस्त्यासारखे अवकाशात मांडलेले असतात. हे सगळे सिनेस्थेशियाचेच प्रकार आहेत.

हा आजार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मग आरोग्यविषयक लेखात तो कशाला? कारण या विषयाच्या इतिहासातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. असा अनुभव असणारी माणसे पूर्वीही होती. ती बोलली तेव्हा त्यांचे कोणी ऐकले का, यावर विज्ञान पुढे गेले किंवा अडून राहिले. आणि प्रत्येक घरातल्या मुलाच्या बाबतीतही तेच घडते.

गोड आवाज म्हणजे सिनेस्थेशिया नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. आपण रोजच्या बोलण्यात म्हणतोच की तिचा आवाज गोड आहे, त्याचे बोलणे तिखट आहे, साडीचा रंग फार भडक आहे. आवाजाला चव आणि रंगाला भडका! पण लता मंगेशकरांचा आवाज गोड म्हणताना आपल्या जिभेवर साखर विरघळत नाही. हा भाषेचा अलंकार झाला. सिनेस्थेशिया असलेल्या व्यक्तीला मात्र ती दुसरी संवेदना खरोखर जाणवते.

दुसरा गैरसमज संकेतांचा. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. देवगिरी म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. या ग्रंथात सात स्वरांना रंग दिले आहेत: षड्ज कमळासारखा, गंधार सोनेरी, मध्यम कुंदफुलासारखा पांढरा, पंचम काळा, इत्यादी. भरताच्या नाट्यशास्त्रातही रसांना रंग आहेत. रौद्र रस तांबडा, हास्य रस पांढरा. मग आपल्याकडे सिनेस्थेशिया प्राचीन काळापासून माहीत होता असे म्हणायचे का?

नाही. तो परंपरेने ठरवलेला तक्ता आहे. गुरूने शिष्याला शिकवायचा आणि सर्वांनी तोच मानायचा. नवरात्रात वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या नऊ दिवसांच्या नऊ रंगांसारखे हे झाले. सिनेस्थेशियात नेमके उलटे असते. प्रत्येकाचा तक्ता वेगळा असतो आणि तो कोणी शिकवलेला नसतो. रशियातील रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्रियाबिन या दोन संगीतकारांचेच पाहा. दोघेही सुरावटींना रंग आहेत असे मानत. पण पाश्चात्त्य संगीतातील 'सी मेजर' ही सुरावट एकाला पांढरी, तर दुसऱ्याला लाल! (स्क्रियाबिनला खरा सिनेस्थेशिया होता की त्याने तो तक्ता विचारपूर्वक रचला होता, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.)

पहिली नोंद: १८१२

या अनुभवाची पहिली स्पष्ट वैद्यकीय नोंद एका डॉक्टरनेच केली आणि तीही स्वतःबद्दल. गेओर्ग झाक्स हा ऑस्ट्रियात जन्मलेला तरुण. त्याने १८१२ साली जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठाला वैद्यकीचा प्रबंध सादर केला. प्रबंधाचा विषय होता तो स्वतः आणि त्याची बहीण. दोघांच्याही त्वचेत, केसांत आणि डोळ्यांत जन्मतः रंगद्रव्य नव्हते. या अवस्थेला आपण अल्बिनिझम म्हणतो. लॅटिनमध्ये लिहिलेल्या त्या प्रबंधात डोळ्यांचे वर्णन करता करता त्याने हेही नोंदवले की अक्षरे, आकडे, आठवड्याचे वार आणि संगीतातील सूर यांच्याबरोबर त्याच्या मनात रंग येतात.

विशेष पाहा. ज्याच्या शरीरात रंगद्रव्य नव्हते, त्याच्या मनात आठवडा रंगीत होता. अल्बिनिझमचा आणि सिनेस्थेशियाचा संबंध नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. झाक्स पुढे दोनच वर्षांनी वारला आणि त्याच्या त्या परिच्छेदांकडे कित्येक वर्षे कोणी फारसे वळून पाहिले नाही.

दोन मित्रांच्या गप्पा

पुढची साठेक वर्षे तुरळक नोंदी होत राहिल्या. १८७३ मध्ये व्हिएन्नातील नुसबाउमर नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःबद्दल आणि आपल्या भावाबद्दल लिहिले. दोघांनाही आवाज ऐकला की रंग दिसत. भावंडांत हे एकत्र आढळते, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

खरी कलाटणी मिळाली ती स्वित्झर्लंडमध्ये. १८७८ च्या सुमारास ऑयगेन ब्लॉयलर हा वैद्यकीचा विद्यार्थी आपल्या कार्ल लेहमान या मित्राशी रसायनशास्त्रावर गप्पा मारत होता. विषय निघाला कीटोन या रसायनांचा. ती दिसतात कशी, असा प्रश्न आला. ब्लॉयलर सहज म्हणाला, पिवळी, कारण त्या शब्दात 'ओ' आहे. मित्र चक्रावला. पण त्याने थट्टा केली नाही. दोघांनी मिळून ओळखीपाळखीच्या माणसांना विचारायला सुरुवात केली. एकूण ५९६ जणांना विचारले, त्यांत ७६ जण असे निघाले की ज्यांना आवाजाबरोबर रंग किंवा प्रकाश जाणवत होता. १८८१ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आठांत एक हे प्रमाण आजच्या कसोटीवर जास्त वाटते, कारण तेव्हा उत्तरांची खातरजमा करण्याची रीत नव्हती. पण प्रश्न विचारला की उत्तरे देणारी माणसे भेटतात, हे त्यातून सिद्ध झाले.

हाच ब्लॉयलर पुढे मोठा मनोविकारतज्ज्ञ झाला. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द १९०८ मध्ये त्यानेच प्रथम वापरला. म्हणजे वैद्यकातील सर्वांत गंभीर मनोविकारांपैकी एकाला नाव देणारा माणूस स्वतः स्वरांचे रंग पाहत होता आणि त्याचे डोके उत्तम ठिकाणावर होते! "मला अक्षरे रंगीत दिसतात, म्हणजे मला वेड तर लागत नाही ना?" अशी शंका ज्यांना येते, त्यांनी ब्लॉयलरची आठवण ठेवावी.

त्याच काळात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन लोकांना पत्रे पाठवून ते आकडे मनात कसे पाहतात हे विचारत होता. (हा गाल्टन पुढे माणसांची 'पैदास' सुधारण्याच्या त्याच्या कल्पनांमुळे बदनाम झाला आणि ते योग्यच होते. पण ही पाहणी त्याने काळजीपूर्वक केली.) १८८० ते १८८३ या काळातील त्याच्या लेखनात तीन गोष्टी स्पष्ट येतात. हे अनुभव अगदी लहानपणापासून असतात, घराण्यात चालत येतात आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. एक चौथी गोष्टही त्याने लिहिली. मुलाच्या अशा कल्पनांना घरचे हसू लागले, तर मूल लवकरच खरे आणि भासमान वेगळे करायला शिकते. गाल्टनने ते जवळजवळ फायदा म्हणून नोंदवले. आज वाचताना आपल्याला त्या हसण्याची दुसरी बाजूही दिसते. मूल वेगळे करायला शिकते तसे गप्प बसायलाही शिकते.

हसणे आणि गप्प बसणे

१८८९ मध्ये पॅरिसला भरलेल्या मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 'रंगीत श्रवण' या विषयावर चर्चा झाली आणि अभ्यासासाठी एक समितीही नेमली गेली. जिनिव्हात तेओदोर फ्लुर्न्वा याने १८९३ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. अमेरिकेत मेरी कॅल्किन्स यांनी वेलस्ली महाविद्यालयातील विद्यार्थिनींची पाहणी केली. विषय चांगलाच जोरात होता.

पण त्याच वेळी दुसरा सूरही उमटत होता. माक्स नोर्दाउ या डॉक्टर-लेखकाने १८९२ मध्ये 'अधःपतन' या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक काढले आणि ते युरोपभर गाजले. त्याचे म्हणणे असे की ज्याची इंद्रिये अशी एकमेकांत मिसळतात तो माणूस उत्क्रांतीच्या शिडीवरून घसरला आहे, थेट शिंपल्यातल्या मऊ जीवाच्या पातळीला! त्याच्यापाशी पुरावा काही नव्हता, ठामपणा मात्र भरपूर होता. वैद्यकाच्या इतिहासात ठामपणाने पुराव्याची जागा घेतल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यातले हे एक.

विसाव्या शतकात तर दारच बंद झाले. १९१३ मध्ये जॉन वॉटसन याने जाहीर केले की मानसशास्त्राने फक्त बाहेरून दिसणारे वर्तन अभ्यासावे, माणूस स्वतःच्या मनाबद्दल काय सांगतो ते सोडून द्यावे. हा विचार कित्येक दशके प्रबळ राहिला. सिनेस्थेशियाचा तर सगळा आधारच माणसाच्या सांगण्यावर. विषय मागे पडला.

माणसे मात्र जन्माला येतच होती आणि त्यांना अक्षरे रंगीत दिसतच होती. ती त्या काळात काय करत होती, हे आपल्याला त्यांच्या आठवणींवरून कळते.

व्लादिमीर नाबोकोव्ह हा रशियन लेखक १८९९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मला. सहासात वर्षांचा असताना तो अक्षरांच्या रंगीत ठोकळ्यांनी खेळत होता. खेळता खेळता तो आईला म्हणाला की या ठोकळ्यांचे रंग सगळे चुकले आहेत. आईने त्याला वेड्यात काढले नाही. तिने विचारपूस केली, तेव्हा कळले की तिलाही अक्षरे रंगीत दिसतात. काही अक्षरांचे रंग दोघांचे सारखे निघाले, बाकीचे वेगळे. पुढे नाबोकोव्हची पत्नीही तशीच निघाली आणि मुलगाही. 'एम' हे अक्षर नाबोकोव्हला गुलाबी, पत्नीला निळे आणि मुलाला जांभळट दिसे. जनुकांनी जणू जलरंग कालवले, अशी गंमत त्याने स्वतःच एका मुलाखतीत केली होती. (विज्ञानाच्या दृष्टीने तो योगायोगच, रंग असे मिसळून वारशाने येत नाहीत.)

अमेरिकन चित्रकार कॅरल स्टीन यांची आठवण वेगळी आहे. सात वर्षांच्या असताना शाळेतून घरी येताना त्या मैत्रिणीला म्हणाल्या की 'ए' हे अक्षर किती सुंदर गुलाबी आहे! मैत्रिणीने त्यांना विचित्र ठरवले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी हा विषय कुणाजवळ काढला नाही.

लेखिका पॅट्रिशिया डफी यांना आपण वेगळ्या आहोत हे कळले ते सोळाव्या वर्षी. लहानपणी 'आर' हे अक्षर काढायला कसे शिकलो, हे त्या वडिलांना सांगत होत्या. आधी 'पी' काढायचा आणि त्याला खाली एक तिरकी रेघ जोडायची. मग त्या सहज म्हणाल्या की एका रेघेने पिवळ्या अक्षराचे नारिंगी अक्षर झाले, याचे मला केवढे नवल वाटले होते. वडिलांनी विचारले, पिवळे अक्षर? नारिंगी अक्षर? म्हणजे काय? सोळा वर्षे मुलीला वाटत होते की सगळ्यांना असेच दिसते आणि वडिलांना कल्पनाच नव्हती. पण त्यांनी विचारले, आणि तिथून तिचा शोध सुरू झाला.

रशियात लुरिया या मेंदूतज्ज्ञाने १९२० च्या दशकापासून शेरेशेव्हस्की नावाच्या एका वार्ताहराचा अभ्यास केला. संपादकाने दिलेली कामे हा माणूस एक शब्दही न टिपता लक्षात ठेवी. तपासणीत आढळले की त्याला प्रत्येक आवाजाबरोबर रंग, चव आणि स्पर्शही जाणवत. समोरच्या मानसशास्त्रज्ञाचा आवाज पिवळा आणि भुसभुशीत आहे, असे त्याने त्याला सांगितले होते. या शेरेशेव्हस्कीलाही आपली स्मरणशक्ती जगावेगळी आहे याचा पत्ता नव्हता. सगळ्यांचे डोके असेच चालते, असे तो समजत होता.

चार माणसे, चार तऱ्हा. पण चौघांच्या गोष्टीत एक क्षण सारखा आहे. आपल्याला जे जाणवते ते समोरच्याला जाणवत नाही, हे कळण्याचा क्षण. त्या क्षणी समोरचा माणूस काय करतो यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

पुरावा कसा मिळाला?

१९८० मध्ये अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ रिचर्ड सायटोविक एका परिचिताकडे जेवायला गेले होते. यजमान स्वयंपाक चाखून म्हणाला की कोंबडीला अजून पुरेशी टोके आलेली नाहीत. चव घेताना त्याला हातात आकार जाणवत असत. सायटोविकांनी त्याचा अभ्यास करायचे ठरवले. सहकाऱ्यांनी सल्ला दिला की असल्या भानगडीत पडू नकोस, कारकीर्द धोक्यात येईल. त्यांनी ऐकले नाही.

अडचण मात्र खरी होती. कोणी म्हणाले की मला पाच हिरवा दिसतो, तर ते खरे कशावरून? केम्ब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी यावर अगदी साधी युक्ती काढली. शब्दांची मोठी यादी द्यायची आणि प्रत्येकाचा रंग विचारून लिहून ठेवायचा. मग बऱ्याच काळाने, आधी न सांगता, तीच यादी पुन्हा द्यायची. कल्पनेने सांगणारा विसरेल, खरोखर अनुभवणारा विसरणार नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सिनेस्थेशिया असलेल्यांनी तब्बल एका वर्षानंतर ९२.३ टक्के उत्तरे तीच दिली. तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांना एकाच आठवड्यानंतर विचारले, तरी ३७.६ टक्केच जमली. अनेक प्रकारांत सुधारलेली ही कसोटी आजही वापरतात.

दुसरी कसोटी सुचवली ती चेन्नईच्या स्टॅनली मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी, एडवर्ड हबर्ड या सहकाऱ्यासोबत. वर्ष २००१. कागदावर काळ्या शाईत खूप पाच छापायचे आणि त्यांच्यामध्ये काही दोन अशा रीतीने पेरायचे की त्या दोनांचा त्रिकोण व्हावा. दोन्ही आकडे टोकदार छापले की एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब दिसतात, त्यामुळे आपल्याला त्रिकोण शोधायला वेळ लागतो. पण ज्याला पाच हिरवे आणि दोन लाल दिसतात, त्याला हिरव्या गर्दीतला लाल त्रिकोण लवकर सापडतो. पुढच्या प्रयोगांत हा फायदा सुरुवातीला वाटला तेवढा मोठा दिसला नाही, पण मुद्दा पक्का झाला. ही निव्वळ आठवण किंवा कविकल्पना नाही, तर आकलनाच्या पातळीवर काही घडते आहे. २००२ मध्ये मेंदूच्या एफएमआरआय तपासणीत असेही दिसले की अशा व्यक्तींनी डोळे झाकून शब्द ऐकले, तरी मेंदूतील रंग ओळखणारा भाग कामाला लागतो.

शंभर वर्षांपूर्वी ब्लॉयलर जे सांगत होता, ते अखेर यंत्राच्या पडद्यावर दिसले.

आज काय माहीत आहे?

प्रमाण: स्कॉटलंडमधील विद्यापीठांत ज्युलिया सिम्नर आणि सहकाऱ्यांनी ५०० जणांची काटेकोर तपासणी केली. २००६ च्या त्या अभ्यासात सर्व प्रकार मिळून ४.४ टक्के लोकांत सिनेस्थेशिया आढळला. सर्वांत जास्त आढळलेला प्रकार म्हणजे वारांचे रंग. पूर्वी हे फक्त स्त्रियांत जास्त असते असे मानत. या अभ्यासात स्त्री-पुरुष प्रमाण साधारण सारखे निघाले. बहुधा स्त्रिया ते मोकळेपणाने सांगत आणि पुरुष सांगत नसत, एवढाच फरक. हे प्रमाण आपल्याकडे लागू केले, तर पन्नास मुलांच्या वर्गात अशी सरासरी दोन मुले बसलेली असतील.

कारण: दोन प्रमुख मते आहेत. एक असे की मेंदूत अक्षरे ओळखणारा भाग आणि रंग ओळखणारा भाग शेजारी शेजारी आहेत व त्यांच्यात नेहमीपेक्षा जास्त जोडण्या राहतात. बाळाच्या मेंदूत जोडण्या भरपूर असतात आणि वाढीबरोबर त्यांची छाटणी होते. या लोकांत ती छाटणी थोडी कमी होत असावी. दुसरे मत असे की जोडण्या सगळ्यांत सारख्याच असतात, पण इतरांत दाबून ठेवलेले संदेश यांच्यात मोकळे सुटतात. निकाल अजून लागलेला नाही.

आनुवंशिकता: नुसबाउमर बंधू आठवतात ना? आणि नाबोकोव्हचे घर? कल घराण्यात येतो हे नक्की. २०१८ मध्ये तीन कुटुंबांच्या जनुकीय अभ्यासात चेतापेशींचे तंतू वाढवण्याशी संबंधित असलेल्या जनुकांत बदल आढळले, पण प्रत्येक कुटुंबात जनुके वेगळी होती. एकच असे 'सिनेस्थेशियाचे जनुक' नाही.

बालपण: वारशाने कल येतो, पण नेमके रंग बालपणात ठरतात. ब्रिटनमधील शाळांत सहा-सात वर्षांच्या ६१५ मुलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे १.३ टक्के मुलांत अक्षर-रंगाचा प्रकार आढळला. इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून ३६ चिन्हे होतात. त्यांपैकी साधारण १० चिन्हांचे रंग त्यांच्या मनात पक्के होते. वर्षभराने हा आकडा १६-१७ वर गेला. म्हणजे मूल अक्षरे शिकते, तसतसे रंगही हळूहळू पक्के होत जातात. अमेरिकेत ६,५८८ जणांच्या अभ्यासात तर गंमतच दिसली. सुमारे ६ टक्के लोकांचे रंग, फिशर-प्राइस कंपनीच्या फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकी अक्षरांच्या संचाशी जुळले! तो संच बाजारात असताना जन्मलेल्या काही वर्षांच्या मुलांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. खेळण्याने सिनेस्थेशिया होत नाही, पण ज्याच्यात कल आहे त्याच्या मेंदूने रंग तिथून उचलले.

तुमचे मूल म्हणाले, "आई, सात निळा आहे" तर?

१. हसू नका, रागावू नका आणि घाबरूही नका. "हो का? मग आठ कसा आहे?" एवढेच विचारा. ज्या मुलाला हा अनुभव असतो ते उत्साहाने सांगते. ज्याला नसतो ते खेळ म्हणून काहीतरी सांगेल आणि विसरेल. दोन्हींत नुकसान नाही.

२. रंग वहीत लिहून ठेवा. काही महिन्यांनी पुन्हा सहज विचारा. उत्तरे बरीचशी जुळली, तर मूल तुम्हाला खरोखरचा अनुभव सांगते आहे. मूल लहान असेल तर सगळी उत्तरे जुळणार नाहीत, हे वर पाहिलेच.

३. अशा मुलाला कधी कधी रंगीत पाठ्यपुस्तकाचा त्रास होऊ शकतो. त्याच्या मनात तीन पिवळा आणि पुस्तकात छापलेला जांभळा, असे झाले की ते अडखळते. "लक्ष देत नाही" असा शिक्का मारण्याआधी काळ्या शाईतला मजकूर देऊन पाहा. शिक्षकांच्याही कानावर घाला.

४. फायदा होतो तिथे होऊ द्या. फोन नंबर, सनावळी, शब्दांचे स्पेलिंग रंगांच्या आधाराने लक्षात राहत असेल तर उत्तमच. पण मूल अलौकिक आहे म्हणून पाहुण्यांसमोर त्याचा खेळ मांडू नका. थट्टेइतकेच प्रदर्शनही मुलाला गप्प करते.

५. तपासण्यांच्या मागे लागू नका. स्कॅन, ईईजी, औषध यांची गरज नाही. सिनेस्थेशिया मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत नाही. स्वमग्न व्यक्तींत तो काहीसा जास्त आढळतो, पण म्हणून तो असलेले प्रत्येक मूल स्वमग्न नसते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

जन्मजात सिनेस्थेशिया लहानपणापासून असतो, कायम सारखा असतो आणि त्या व्यक्तीला वस्तुस्थितीचे भान पूर्ण असते. अक्षर काळ्या शाईत छापले आहे हे तिला दिसत असते आणि त्याचा रंगही जाणवत असतो. भासापासून हा मुख्य फरक. म्हणून पुढील परिस्थितीत मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना भेटा.

- मोठेपणी अचानक आवाजाबरोबर प्रकाश किंवा रंग दिसू लागले.
- रंगांबरोबर डोकेदुखी, बेशुद्धी, झटके, हातापायात कमजोरी किंवा बोलण्यात अडथळा आहे. अचानक कमजोरी आली किंवा बोलणे अडखळू लागले, तर थेट रुग्णालयात जा.
- दृष्टी कमी होत आहे आणि त्याच काळात असे अनुभव सुरू झाले.
- एलएसडीसारख्या अमली पदार्थाच्या सेवनाचा संशय आहे.
- आवाज आज्ञा देतात, कोणीतरी पाळत ठेवते असे वाटते, भीती वाटते. हा सिनेस्थेशिया नव्हे आणि यावर उपचार आहेत.

ऐकून घेणे हीदेखील तपासणीच

आम्हा डॉक्टरांना पदवीच्या पहिल्या वर्षांतच शिकवतात की आधी रुग्णाचे म्हणणे नीट ऐका, मग हात लावा, मग तपासण्या लिहा. सिनेस्थेशियाचा इतिहास त्याच शिकवणीचा पुरावा आहे. झाक्सने लिहिले आणि ते तसेच पडून राहिले. लेहमानने मित्राचे ऐकले, तेव्हा ७६ माणसे सापडली. नोर्दाउने न ऐकता निकाल दिला. नंतर सांगणेच निषिद्ध ठरले, तेव्हा कित्येक दशके वाया गेली. बॅरन-कोहेन यांनी आधी ऐकले आणि मग पडताळणीची रीत शोधली. ऐकणे आणि पडताळणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच ज्ञान पुढे सरकले.

तुमच्यापैकी ज्यांना मंगळवारचा रंग पहिल्याच ओळीत दिसला, त्यांना एक विनंती. कदाचित चाळीस-पन्नास वर्षे तुम्ही हे कोणाला सांगितले नसेल. आता घरात सांगा. भावंडांना विचारा, मुलांना, नातवंडांना विचारा. त्यांच्यापैकी एखादा म्हणेल, "छे, मंगळवार तपकिरी कसा असेल? तो तर हिरवा!" अशा वेळी वाद जरूर घाला. दोघांचेही बरोबर असेल.